निळ्या गाडीतला आमचा माणूस

आमच्या बाबांना स्वतःला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. पण रविवारी माशांचं जेवण, मग झोप, मग चहा आणि संध्याकाळी टीव्हीवर फॉर्म्युला वनची शर्यत, हा कार्यक्रम उमेळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं चालला. केबल आली आणि हे वेड घरात घुसलं ते घुसलंच. मलाही लागलं. आई म्हणायची, "त्याच गाड्या त्याच रस्त्यावरून गोल गोल फिरताहेत, आणि हे बाप-लेक डोळे फाडून बघताहेत. घाण्याचा बैल परवडला."

बाबांचा ड्रायव्हर एकच. निळ्या गाडीतला, कमी बोलणारा, जिंकला तरी फारसा न हसणारा. त्याला ते 'आमचा माणूस' म्हणायचे. बाबांनी मुंबईत एकाच कंपनीत उभा जन्म काढला होता, त्यामुळे शर्यतीच्या टीममध्येही मस्टर असतं, बढत्या असतात, अशीच त्यांची समजूत. नवा ड्रायव्हर दिसला की विचारायचे, "हा कायम झाला का गं?" गाडीभर चिकटवलेल्या जाहिराती बघून तर त्यांचं डोकंच फिरायचं. "गाडी आहे की सोसायटीचा गणपती? मूर्तीपेक्षा देणगीदारांचे फलक मोठे!"

मी सांगायची, बाबा, त्या फलकांवरच टीम चालते. पैसा देणारा म्हणेल तो ड्रायव्हर गाडीत बसतो.

"हॅ! असं कसं? सिनियॉरिटी म्हणून काही आहे की नाही?"

आणि एका वर्षी पेपरात आलं की आमचा माणूस निळी टीम सोडतोय. झालं होतं असं, की टीमला नवा प्रायोजक मिळाला होता आणि त्यानं येताना आपल्या पसंतीचा एक कोवळा ड्रायव्हर आणला होता. भर शर्यतीत आमच्या माणसाला रेडिओवरून सांगायचे, बाजूला हो, त्याला पुढे जाऊ दे. बिचारा व्हायचा बाजूला. शेवटी कंटाळला आणि एका नवख्या पांढऱ्या टीमकडे गेला, जिची गाडी शर्यत पुरी करेल याचीच खात्री नसायची.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "सर्व्हिस किती झाली होती त्याची? चार वर्षं? अरे गाढवा, आणखी एक वर्ष काढलं असतंस तर ग्रॅच्युइटी तरी मिळाली असती!"

मी हसून हसून लोळले. बाबा मात्र हसले नाहीत. थंडीभर त्याचा विषय निघाला की एकच शब्द, पळपुटा.

आता माझं सांगते. मी तेव्हा बाबांच्याच कंपनीत अकाउंट्सला होते. निवृत्त होताना त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला आणि मला चिकटवलं. काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण मग मालकांचा पुतण्या आला. त्याला ओ की ठो येत नव्हतं, तिथपासून मी सगळं शिकवलं, आणि वर्षभरात तोच माझा साहेब झाला. मार्चमध्ये अंधेरीच्या एका लहानशा नव्या फर्मनं मला बोलावलं. सोमवारी उत्तर हवं होतं.

जेवताना मी सांगून टाकलं, "बाबा, मी कंपनी सोडतेय."

त्यांचा हात भातातच थांबला. "कुठली कंपनी?" जशा काही दहा होत्या!

"आपली."

"मी शब्द टाकला होता तिथे."

"माहितीये. पण ज्याला मी शिकवलं त्याच्याकडेच आता मी रजा मागायची?"

"मग काय बिघडलं? मालकांचा माणूस आहे. बाजूला हो म्हटलं की व्हायचं बाजूला."

माझं टाळकंच सटकलं. "तुमचा तो माणूस गेला तेच बरं झालं!"

बाबा ताटावरून उठले. भात तसाच. आई माझ्याकडे असं बघत राहिली की मीही ताट सरकवलं. पुढचे दिवस घरात अबोला. मी ठाम होते, वादच नाही. पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय सोमवारी त्या फर्मला हो म्हणणं माझ्याच्यानं झालं नसतं. फार जीव होता माझा त्यांच्यावर, आणि तेच तर अवघड होतं.

रविवारी नव्या मोसमाची पहिली शर्यत, ऑस्ट्रेलियातली, त्यामुळे आपल्याकडे सकाळीच. मी टीव्ही लावला. बाबा समोर पेपर धरून बसले. थोड्या वेळानं पेपर जरा खाली आला आणि त्यांनी टीव्हीलाच विचारलं, "कुठाय?"

"पांढरी गाडी. अगदी मागे."

सवय कुठली जायला! निळी गाडी दिसली की ते पुढे सरकायचे, आणि लक्षात आलं की पुन्हा मागे. मग कॅमेरा पांढऱ्या गाडीजवळ गेला. बाबांनी चष्मा लावला. "अगं, हेल्मेट तेच आहे की! तेच केशरी!"

"ते त्याचं स्वतःचं असतं, बाबा. टीम बदलली की गाडी बदलते, कपडे बदलतात, जाहिराती बदलतात. हेल्मेटचा रंग तो आपला घेऊन जातो."

तेवढ्यात पांढऱ्या गाडीनं वळणावर एकाला मागे टाकलं आणि बाबा ओरडले, "हाण तिच्यायला!" आई हातात झारा घेऊन बाहेर आली.

तो कितवा आला ते आता आठवत नाही, पण शर्यत पुरी केली त्यानं. बाबांनी टीव्ही बंद केला.

"मलाही एकदा बोलावलं होतं," ते म्हणाले. "ठाण्याला, नव्या कारखान्यात. तू आईच्या पोटात होतीस."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मग? आपली कंपनी सोडवेना म्हणून नाही गेलात?"

"लोकांना तसंच सांगितलं. तुझ्या आईलाही." त्यांनी चष्मा काढला. "घाबरलो गं मी. तिथे आपल्याला कोण ओळखणार, म्हणून घाबरलो."

मी नुसती त्यांच्याजवळ सरकून बसले. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं, म्हणजे आईनंही ऐकलं होतं.

"उद्या फोन कर त्यांना," बाबा म्हणाले. "आणि सकाळीच कर. मी दुपारपर्यंत थांबलो होतो."