अप्पांचा उजवा पाय

आमची गाडी म्हातारी आहे, पण तोरा सोडायला तयार नाही. लांबलचक, काळी, परदेशी बनावटीची. दार लावलं की नुसता मऊ 'धप्' आवाज. माझे वडील, अप्पा, जन्मभर हैदराबादेत एका शेटकडे ड्रायव्हर होते. अशाच गाड्या चालवल्या, पण दुसऱ्यांच्या. काम सोडून चिटगुप्प्याला परतल्यावर शेटच्या मुलानं विकायला काढलेली ही गाडी त्यांनी हट्टानं घेतली. आई म्हणाली, "आता हिच्यात मागं शेटावानी कोन बसनार?" अप्पा म्हणाले, "तू बसनार."

आणि आई बसायची. तेव्हा अप्पांची पाठ जी ताठ व्हायची, ती बघायला मला फार आवडायचं.

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही दुबलगुंडीच्या शेतावर पूजेला निघालो होतो. माझ्या मांडीवर भज्जीचं पातेलं, आईच्या पायाशी आंबिलीची बिंदगी. चढाला गाडी हिसके देऊ लागली. काचेसमोरचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला आणि आंबील आईच्या लुगड्यावर सांडली. आई बोलायची थांबेना. अप्पांनी कशीबशी गाडी घरी आणली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"गाडी न्हाई बिघडली, पोरी. माझा पाय बिघडला. एकसारखा दबंनाच. थरथरायलाय."

मी म्हटलं, "कामून असं बोलायलाव, अप्पा? इंजिन हालायलंय, पाय नव्हं."

"तुला काय कळतंय? पाय माझा हाय."

मी मेकॅनिकला घरी बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, कान लावला आणि निकाल दिला, "अक्का, मिसिंग मार री गाडी. इंजन थक गया. बेच डालो." आतून आई घाबरून ओरडली, "कोन मिसिंग हाय?" मिसिंग म्हणजे इंजिनाचा ठोका मधेच चुकणं, हे तिला कुठून ठाऊक! मी हसले, पण अप्पा हसले नाहीत. थकलेल्या इंजिनाचं खापरही त्यांनी आपल्याच पायावर फोडून घेतलं. त्या दिवसापासून ते ओट्यावर बसून उजव्या पायाला तिळाचं तेल चोळायला लागले. दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, ते हेच. ज्या माणसाला मी कधी रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं, तो तेलाची वाटी घेऊन सकाळभर बसायचा. मला रडू यायचं आणि रागही यायचा. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा रागच जिंकतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना घसा कोरडा करून सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुणाचा हे कळणार नाही. इथं तर दोन संशयित होते, इंजिन आणि पाय. पाय बदलता येत नाही. म्हणजे आधी इंजिन नीट करायचं, मग पायाचं काय ते बघायचं. मनातल्या मनात मलाही भीती होती. अप्पांचं वय झालं होतं. दोन्ही संशयित खरे निघाले तर?

गाडीची नाडी बघायचं एक छोटं यंत्र मागवलं. स्टिअरिंगखाली जोडलं तर ते म्हणालं, तिसऱ्या सिलिंडरात ठिणगी चुकते. बरं, पण का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. सहा सिलिंडर, प्रत्येकाला ठिणगी पुरवणारी आपापली कॉइल. वीतभर लांबीची, खालच्या टोकाला रबराची नळी, ती खोल खड्ड्यात बसलेल्या प्लगच्या डोक्यावर जाते. रविवारी सकाळी इंजिन थंड असताना मी तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्यात घातली आणि पहिल्याची तिसऱ्यात. गाडी चालू केली. यंत्र म्हणालं, आता पहिल्यात चुकते.

म्हणजे दोष कॉइलबरोबर गेला. मी अंगणात एकटीच नाचले. अप्पा ओट्यावरून म्हणाले, "बरं झालं," आणि तेल चोळत राहिले.

हैदराबादहून नवी कॉइल आली. बसवली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. यंत्र आता चौथ्याकडे बोट दाखवायला लागलं. आई म्हणाली, "एकीला बरं केलं की दुसरी आजारी पडायली. सासरच्यावानी चाललंय." मी चौथी कॉइल उपसली. रबर कडक होऊन चिरलं होतं, आतली स्प्रिंग हिरवी पडली होती. खड्ड्यात बॅटरी मारली. तळाशी काहीतरी लालसर, चिकट वाळलेलं आणि एक पांढरट तुकडा. चिमट्यानं तो बाहेर काढला. उन्हात धरला. वास घेतला.

"अप्पा," मी म्हटलं, "खंडेनवमीला नारळ कुठं फोडलाव?"

तेलाची वाटी खाली ठेवून अप्पा आले. मलाही आता आठवलं. त्या दिवशी त्यांनी इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण मुद्दाम उतरवून ठेवलं होतं. "प्लास्टिकला कुंकू लावून काय उपेग? पूजा यंत्राची असती," म्हणत त्यांनी थेट इंजिनावर हळद-कुंकू वाहिलं आणि मधोमध नारळ वाढवला. पाणी ओघळलं ते बरोबर तिसऱ्या-चौथ्याच्या खड्ड्यात. म्हाताऱ्या रबरानं ते अडवलं नाही.

अप्पा खोबऱ्याच्या त्या तुकड्याकडे बघत राहिले. "मीच घातलं व्हय पानी?"

"व्हय. हातानं घातलाव. पायानं न्हाई."

खड्डे कोरडे केले, नवे प्लग लावले, चौथ्याचीही कॉइल बदलली. मग मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. अप्पांनी ती लगेच घेतली नाही. आधी धोतराला पाय पुसला. सीटवर बसले, गाडी चालू केली आणि पाय हलकेच दाबून तसाच धरला. इंजिनाचा एकसुरी आवाज वाढला आणि तिथंच टिकून राहिला. अप्पा पुढे बघत नव्हते. खाली, आपल्या पायाकडे बघत होते. पाय हलत नव्हता.

"बस की मागं," ते आईला म्हणाले. हळ्ळीखेडपर्यंत गेलो. दुबलगुंडीचा तो चढही मुद्दाम चढलो.

यंदाच्या खंडेनवमीला झाकण जागेवरच राहिलं. अप्पांनी चाकांना हळद-कुंकू लावलं, नारळ चाकांपुढं रस्त्यावर फोडला. आई ताटात दुसरा नारळ घेऊन उभीच. मग वाकली आणि त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला तिनं कुंकू लावलं.

"अगं, हे काय करायलीस?"

"आयुधाची पूजा. ह्यो बी आयुधच हाय तुमचं."

अप्पा लाजले. पाय मागे घेतला नाही. खाकरून म्हणाले, "बरं, कर. पन नारळ तेवढा लांब फोड."