सूर्य अजून बेंबीतच

दरजोम गावात झोहिरला कुणी "काय, बरं आहे ना?" असं विचारत नसे. वाटेत भेटणारा जो तो त्याला बोबो, म्हणजे आजोबा, म्हणायचा आणि एकच विचारायचा, "बोबो, सूर्य कुठं पोचला?" मग झोहिर थांबायचा, काठी बगलेत धरायचा, कधी नडगीवर तर कधी मांडीवर हात ठेवायचा आणि पुढं चालू लागायचा. एवढ्यावर गावाचं काम भागत असे. तो हात बघून कुणी शेतात शेणखत टाकायला घ्यायचं, कुणी पाटातला गाळ उपसायला निघायचं, तर कुणी मुलीच्या लग्नाची बोलणी काढायचं.

दरजोमला दुसरं पंचांग नव्हतं. दोन उभ्या डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत चाळीस घरं. खाली नदी बारा महिने कावलेली, आणि वर आभाळाची एक चिंधी. थंडी पडली की दक्षिणेचा कडा सूर्याला असा अडवून धरायचा की दोन महिने गावात उन्हाचा ठिपकाही पडत नसे. सूर्य कुत्र्यात गेला, म्हणायचे लोक, आणि दारं ओढून घेऊन तुतीचं पीठ खात बसायचे. मग एके दिवशी भर दुपारी कड्याच्या खिंडीतून ऊन यायचं आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका सपाट दगडावर पडायचं. त्या दगडावर आधी झोहिरचा आजा बसायचा, मग बाप, आणि आता एकतीस वर्षं झोहिर बसत होता. दगडावर ऊन आलं की सूर्य कुत्र्यातून निघून माणसात शिरला, पायाच्या नखात. तिथून एकेका अवयवात तीन तीन दिवस मुक्काम करत तो वर चढायचा. काळजात पोचला की शेतात पहिला नांगर.

एकदा मीराचा, म्हणजे त्या मुलखाच्या राजाचा, वसुलीवाला लोणी आणि लोकरीचे नमदे न्यायला आला, तेव्हा लोकांनी अजून लोकर कातरलीही नव्हती. "मग येऊ तरी कधी?" म्हणून त्यानं विचारलं. झोहिरनं आपल्या गळ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "इथं आला की या." त्या माणसानं घोडं वळवलं ते दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. झोहिरला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण त्याला घाबरवलं, पण गावानं त्याचा फार मान केला.

स्वभावानं झोहिर वाईट नव्हता, पण आपल्या दगडाचा त्याला नको इतका ताठा होता. मोजणीत कुणी नाक खुपसलेलं त्याला खपत नसे, आणि बायकोनं तर मुळीच नाही. बायको अनोर. तिच्या हाताला सुगरण म्हणावं आणि जिभेला काय म्हणावं ते झोहिरलाच विचारावं.

त्या हिवाळ्यात, सूर्य कुत्र्यात असताना, जमीन हलली. तिथं ती हलतच असते, त्याचं कुणी मनावर घेत नाही. दोन-चार भांडी पडली, एक बकरी बिचकून माळ्यावर चढली. मोठं काही झालं असेल तर एवढंच, की कड्यावरच्या खिंडीत उभा असलेला सुळका कोसळला. त्याला गाव म्हातारीचा दात म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सगळे अंगणात येऊन वर बघून हसले.

"म्हातारीचा शेवटचाही गेला!" बैलवाला पुलोद म्हणाला. गावात नांगराचे बैल एकट्या त्याच्याकडं होते, म्हणून त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. "आता तिला तुतीचं पीठच द्या, जव काही चावायचे नाहीत."

झोहिरही पोट धरून हसला. त्यानंच नंतर हे सगळ्यांना सांगितलं, म्हणून इथं लिहिलं.

त्या वर्षी ऊन लवकर आलं. झोहिर सवयीनं दगडावर जाऊन बसला आणि बघतो तर दगडावर ऊन आलेलं. त्याला वाटलं, आपलीच कुत्र्यातली मोजणी चुकली असेल, म्हातारपण आहे. तो तसाच खाली आला, नखाला हात लावला, आणि गावानं डफ वाजवले. गाव आधीच गांजलेलं होतं. गेल्या साली गारांनी पीक झोडपलं होतं, आणि घरटी एकेक कातडी पोतं बियाणं तेवढं उरलं होतं. पोरं भुकेनं रडली तरी त्या पोत्याला कुणी हात लावला नव्हता. अशा वेळी सूर्य लवकर येतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? पण जव चार दिवस आधी पडले तर हिवानं कोंब जळणार, आणि पेरायला दुसरा दाणा नाही. उशीर झाला तर कणीस भरायच्या आत बर्फ. या दोन्हींच्या मधली फट फार बारीक, आणि ती दाखवायचं काम झोहिरचं.

सूर्य बरगडीत पोचला त्या दुपारी झोहिर जेवायला बसला होता. अनोरनं घेवड्याचं कढण वाढलं आणि चुलीपाशी न जाता तिथंच उभी राहिली.

"अहो, जरा खांबाकडं बघा."

"काय झालं खांबाला?"

"खांबाला काही नाही. कवडसा बघा."

छपराच्या झरोक्यातून आलेला उन्हाचा कवडसा मधल्या खांबावर पडला होता. त्या खांबाच्या खुंटीला बियाण्याचं पोतं टांगलेलं होतं. सूर्य वर चढेल तसा कवडसा खांबावरून खाली उतरतो, हे झोहिरला ठाऊक होतं, म्हणजे असायला हवं होतं. त्यानं कधी नीट बघितलं नव्हतं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय," अनोर म्हणाली. "तुम्ही काळजाला हात लावता त्या दिवशी दुपारी कवडसा पोत्यावर येतो. तो आला की मी पोतं काढते. आज तीन दिवसांवर आलंय, आणि कवडसा अजून वीतभर वर."

"मग तुझं घर कललं असेल. जमीन हलली नव्हती का?"

"माझं घर? तुम्ही काय मशिदीत राहता?"

"अगं, माझ्या आजानं दगडावर बसून सूर्य मोजला. तू खांबावर मोजतेस?"

"मी मोजत नाही. मी फक्त बघते. मोजणारे तुम्ही."

झोहिर कढण तसंच टाकून उठला. त्यानं खांबाला खांदा लावून बघितला, मग एका दोरीला दगड बांधून खांबाशेजारी सोडला. खांब सरळ होता. तरी तो म्हणाला एवढंच, "दोरी जुनी आहे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो म्हाताऱ्या याकूत बीबीकडं गेला. काय म्हणून आलो ते सांगता येईना, म्हणून नुसताच बसला. बीबीनं त्याच्यापुढं वाळलेले जर्दाळू ठेवले. तो जर्दाळूकडं न बघता तिच्या खांबाकडं बघत राहिला.

"तुम्हालाही दिसलं वाटतं," बीबी हळूच म्हणाली. "माझं घर कललं हो यंदा. उन्हाचा कवडसा चाळणीवर यायला हवा होता तो अजून चाळणीच्या वर आहे. कुणाला सांगू नका, लेक घर पाडून नवं बांधायला निघेल."

झोहिर जर्दाळू न खाताच उठला.

तिसऱ्या दिवशी तो पुलोदच्या घरी गेला. पुलोद बैलांना घेऊन ओढ्यावर गेला होता. त्याची बायको निसो भाकरी थापत होती.

"या बोबो, बरोबर जेवणाच्या वेळी आलात. काल याकूत बीबीकडंही याच वेळी, म्हणे. अनोरबाई जेवायला घालत नाहीत का?"

"घालते, घालते. तुझ्या घरात कवडसा कुठं आहे?"

निसोनं हातातलं पीठ झटकलं. तिचा चेहरा पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं? पाळण्याच्या दोरीवर यायचा, तो अजून दोरीच्या गाठीशी आहे. घर खचलंय आमचं. यांना बोलले तर म्हणाले, तू खचलीस."

झोहिर भिंतीला टेकून बसला. गावातल्या प्रत्येक घरात एक बाई एकेका खांबाकडं बघत होती आणि आपलंच घर वाकडं झालं असं समजून गप्प बसली होती. चाळीस घरं काही एकाच मापानं वाकडी होत नाहीत. मग त्याला खिंड आठवली, आणि म्हातारीचा दात. ऊन खिंडीतून यायचं, आणि खिंडीत दात उभा असायचा. इतकी वर्षं सूर्याला थोपवून धरलं होतं ते त्या दातानं. दात पडला म्हणून ऊन दगडावर आधी आलं. सूर्य होता तिथंच होता, कवडशाच्या उतरण्याच्या हिशेबानं अजून नऊ दिवस मागं.

आपण हसलो होतो त्या दिवशी, हे आठवून त्याला फार लाज वाटली.

नांगर दुसऱ्या दिवशी दुपारी धरायचा होता. पुलोदला आत्ताच सांगून टाकावं म्हणून तो ओढ्यापर्यंत गेला. पुलोद गुडघाभर पाण्यात उभा राहून बैलांची शिंगं घासत होता आणि गात होता. झोहिर न सांगताच परत फिरला. आपल्या एकतीस वर्षांच्या शब्दाचं काय होणार, हा विचार त्याला सोडीना. घरी अनोरनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्यापुढं कढण ठेवलं. खरं तर तिचं ते बघणंच त्याला जास्त बोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सगळं गाव पहिल्या शेताच्या बांधावर जमलं. बैलांच्या कपाळाला पीठ लावलं होतं, बायका बियाण्याची पोती उराशी धरून उभ्या होत्या. रिवाजाप्रमाणं पुलोदनं नांगराची मूठ धरली आणि ओरडला, "बोबो, सूर्य कुठं पोचला?"

तीनदा विचारायचं असतं. झोहिरचा हात काठीवरून निघाला, छातीपर्यंत गेला, आणि तिथून घसरत बेंबीवर येऊन थांबला.

लोक हसले. "भूक लागलीय त्यांना!" कुणीतरी म्हणालं.

"बोबो, सूर्य कुठं पोचला?" पुलोदनं जरा जोरात विचारलं.

हात बेंबीवरच.

"अहो, काल बरगडीत होता ना? सूर्य काय वाटेत काही विसरला म्हणून परत फिरला?"

"सूर्य नाही फिरला. मी चुकलो," झोहिर म्हणाला. आवाज बारीक निघाला म्हणून त्यानं तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं. "मी चुकलो. म्हातारीचा दात पडला म्हणून दगडावर ऊन नऊ दिवस आधी आलं. दात पडलेला आपण सगळ्यांनी बघितला, आणि मोजणारा मी, मलाच कळलं नाही. सूर्य अजून बेंबीत आहे. आज पेराल तर जव जाळाल."

पुलोद लाल झाला. "वा! आणि नऊ दिवस थांबून कापणीआधीच बर्फ पडलं तर? पोरं तुमच्या दारात आणून बसवू? पुरावा काय?"

दगडाचा पुरावा तर पुलोदच्या बाजूचा होता. दगडावर ऊन होतं. तेवढ्यात निसो पोतं सावरत पुढं आली. "आपला कवडसा पाळण्याच्या दोरीवर आलेला नाही. तुम्ही म्हणालात, मी खचले."

"माझा चाळणीवर नाही," याकूत बीबी म्हणाली.

"आमचा ताकाच्या घुसळखांबावर नाही!" मागून एक आवाज आला. "आमचाही नाही!" मग एकदम सगळ्याच बोलू लागल्या, आणि प्रत्येकीला कळलं की घर वाकडं नव्हतं. एक-दोघी तर रडत हसल्या. पुलोदनं आधी बायकोकडं बघितलं, मग चाळीस पोत्यांकडं. शेवटी त्यानं मूठ सोडली आणि बैलांना म्हणाला, "चला रे. शिंगं फुकट घासली."

चौथ्या दिवशी पहाटे असं हिव पडलं की पाट काचेसारखा झाला आणि कोंबडीच्या पाण्यावर हातोडा घालावा लागला. झोहिरच्या उंबऱ्यावर त्या दिवशी लोण्याचा एक गोळा ठेवलेला सापडला, त्यावर पुलोदच्या अंगठ्याचा ठसा होता.

नऊ दिवस झाले त्या दुपारी झोहिर घरातच बसून राहिला. कवडसा खांबावरून खाली उतरला आणि पोत्याच्या तोंडाच्या गाठीवर आला. अनोरनं पोतं काढलं. निघताना झोहिरनं आपली काठी तिच्या हातात दिली आणि पोतं आपल्या खांद्यावर घेतलं.

बांधावर गाव उभं होतं. पुलोदनं मूठ धरली आणि तोंड उघडलं, तोच झोहिरनं हात वर करून त्याला थांबवलं. मग तो बायकांकडं वळला. तिच्याच काठीला, म्हणजे आपल्याच काठीला टेकून उभ्या असलेल्या अनोरकडं बघून त्यानं विचारलं, "बाई, सूर्य कुठं पोचला?"

दरजोममध्ये हा प्रश्न त्या बाजूनं कधी विचारला गेला नव्हता. अनोरनं काठी बगलेत धरली, अगदी त्याच्यासारखी, आणि काळजावर हात ठेवला. मग निसोनं, मग याकूत बीबीनं, आणि बांधावर चाळीस हात काळजावर आले. झोहिरनं सगळ्यांत शेवटी ठेवला.

त्या वर्षी जव गुडघ्याच्याही वर आले. पुढं सात वर्षं झोहिर मोजत राहिला, पण नांगराच्या आधीचे चार दिवस तो दगडावर बसत नसे. दुपारी या घरी, दुपारी त्या घरी, खांबासमोर बसून जेवायचा. त्यात त्याचं पोट इतकं सुटलं की सूर्य पोटात आला की तिथं आठवडाभर राहणार, असं पुलोद म्हणायचा.