मडक्यातल्या जंतूचं बारसं

आमच्या नाल्याच्या काठावर उन्हाळ्यात पांढरा खार फुलतो. बायको तो खरवडून आणायची, मडक्यातल्या पाण्यात घोळायची, अन् गाळ बसला की वरचं पाणी पापडाच्या पिठात घालायची. बाजारचा पापडखार तिनं कधी घरात येऊ दिला नाही. एकदा ती तापानं पडली अन् मडकं अंगणात उन्हातच राहिलं. पाणी आटून गुलाबी झालं. मी म्हटलं, "नासलं. फेक."

तेव्हा विद्यापीठातला एक संशोधक नाल्यातला चिखल बाटल्यांत भरत फिरत होता. पाणी प्यायला घरी आला अन् मडकं पाहून तिथंच उकिडवा बसला. म्हणाला, खारातच जगणारे जंतू आहेत हे, रंग त्यांचाच. बाटली भरून घेऊन गेला. पुढं येत राहिला, आमच्या घरी जेवत राहिला. जंतू किती खारात वाढतो, आकार कसा, कूळ कोणतं, हे सारं आधीपासून ओळखीच्या जंतूंशी ताडून पाहायचं, असं तो सांगायचा. कोणाशीच जुळला नाही तर तो नवा. माझी शाळा चौथीतच सुटली, पण सोयरीक पाहताना हेच करतात, म्हणून समजलं.

एक दिवस तो हसतच आला. "काकू, नवीनच निघाला! तुमचंच नाव देतो त्याला."

"जंतूले माह्यं नाव? लोकं म्हणतीन, बुढी सडली!"

"जगभर हेच नाव चालेल, काकू."

तिनं त्याच्याकडून जंतूची बाटली मागून घेतली. आम्हाला लेकरू नाही. आढ्याला पाळणा कधी टांगला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं घुगऱ्या शिजवल्या, गल्लीतल्या बाया बोलावल्या, जंतूची बाटली सुपात ठेवली अन् बारसं केलं.

"कोणावर गेला वो, मायवर का बापावर?" एकीनं विचारलं.

"खारट हाये. बापावरच!" बायको म्हणाली.

कुर्र करायला आत्या नव्हती. तिनंच बुचाशी तोंड नेऊन आपलं नाव सांगितलं. संशोधकानं हसत हसत घुगऱ्या मागून मागून खाल्ल्या.

या हिवाळ्यात ती गेली. जाताना म्हणे, मडकं सुकू देऊ नका. म्हणून मी खारपाणी घालत राहिलो.

उन्हाळ्यात तो पुन्हा आला, रिकामी बाटली घेऊन. जंतू अजून पाहिजे होता. मी विचारलं, "तिचं नाव छापून आलं का?"

तो मडक्याकडं पाहत बोलला. "काका, नाव आमच्या सरांचं द्यावं लागलं."

"अन् मडक्याचं तरी लिहिलं?"

"नाल्यातला चिखल लिहिलंय. घरचं मडकं म्हटलं तर लोक हसले असते."

"बारशाले तू बी हासला होता. मले वाटलं, खुशीनं हासून राह्यला. कवा ठरलं हे?"

"सरांनी बारशाच्या आदल्या रात्रीच सांगितलं होतं. पण काकू इतक्या खूश होत्या, मला बोलवेना."

म्हणजे घुगऱ्या यानं माहीत असून खाल्ल्या.

मी त्याची बाटली घेतली, रांजणातल्या गोड पाण्यानं भरली अन् त्याच्या हातात दिली. गोड पाण्यात हे जंतू फुटून मरतात, हे त्यानंच सांगितलं होतं. "पी. ऊन लय हाये. अन् या घरी पुन्हा येऊ नको."

तो गेल्यावर गोड पाण्याचा तांब्या मी मडक्यावरही धरला. राग तेवढा होता. पण तांब्या कलंडवेना. तिनं ज्याच्यासाठी बाया जमवल्या, त्याला मी कसा मारू? तांब्या खाली ठेवला अन् नाल्यावर खार खरवडायला गेलो.