दोनशे पंचावन्न अक्षरं

माझी थोरली बहीण एका मोठ्या इस्पितळात प्रोग्रॅम लिहिते. बावीस वर्षं झाली. ताईचं डोकं बर्फाचं. घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आलाय. पण त्या आठवड्यात मी तिलाही चिडलेली पाहिलं.

झालं असं, की वॉर्डातल्या एका नर्सबाईंनी पेशंटला इंजेक्शन दिलं आणि त्याला नेमकी त्याचीच ॲलर्जी निघाली. माणूस वाचला, पण दोन दिवस श्वासासाठी झगडला. डॉक्टरांनी ॲलर्जी कॉम्प्युटरवर नोंदवलेली होती. मग काय, इस्पितळाच्या साहेबांनी ठरवूनच टाकलं: ताईच्या प्रोग्रॅममधून वॉर्डात छापून येणारा नोंदीचा कागद बाईंनी वाचलाच नाही. कागद साहेबांच्या कपाटात जमा झाला, बाईंची चौकशी लागली आणि त्यांच्या नोकरीवर गदा आली.

ताईनं भांडून तो कागद मिळवला. डॉक्टरांची लांबलचक नोंद अर्ध्या वाक्यातच संपत होती. तिनं अक्षरं मोजली. दोनशे पंचावन्न. ॲलर्जी त्यापुढे होती.

डेटाबेस आणि ताईचा प्रोग्रॅम यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारा एक ड्रायव्हर असतो. कुठल्या रकान्यात किती मजकूर मावतो हे तो सांगतो आणि प्रोग्रॅम तेवढीच जागा राखतो. या नोंदीच्या रकान्याला मर्यादाच नव्हती. अशा वेळी माहीत नाही म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण हा पठ्ठ्या बिनदिक्कत ठोकून देतो, दोनशे पंचावन्न! माहीत नाही म्हणायला काय जीभ झडते?

"आणि तू विश्वास ठेवलास?" मी ओरडलो.

"ठेवला. तपासायला मीच दोन-दोन ओळींच्या नोंदी टाइप केल्या होत्या. त्या नीट छापल्या गेल्या. झालं माझं समाधान."

ताईनं साहेबांना हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "गुपचूप दुरुस्त करा. बोभाटा नको." बाईंचं काय, हा प्रश्न त्या माणसाच्या मनालाही शिवला नाही. मला अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई तडक चौकशीच्या खोलीत शिरली. कागद टेबलावर आपटला. "ॲलर्जी यावर छापलीच गेली नाही. त्या वाचणार काय, कपाळ? चूक माझी आहे. माझं नाव लिहा."

समोर बसलेल्या नर्सबाईंनी कागद ओढून घेतला. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"पण मॅडम," त्या म्हणाल्या, "मी तर कालच लिहून दिलं, वाचलं नाही म्हणून. तीन दिवस सगळे तेच सांगत होते. मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं."