आवाज गेलाय असं धरा

आमच्या लालबागच्या भजन मंडळात तालीम अर्धा तास आणि गप्पा दोन तास. त्यामुळे भजनं मोजकीच बसली, किस्से मात्र ढिगाने साठले. बहुतेक तावडे मास्तरांमुळे! रिटायर झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात, यांनी स्टोइक लोक धरले. म्हणजे ते जुने ग्रीक-रोमन विचारवंत, संकटातही डोकं शांत ठेवणारे.

आमचं डोकं कसलं शांत! मी मंडळाचा बुवा, पुढे पेटी घेऊन गाणारा. मी ओळ गायली की मागचा कोरस ती उचलतो. गेल्या आठवड्यात माझ्या स्वरतंतूवर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "दहा दिवसांनी, सोमवारी ऑपरेशन करू. आवाज पूर्वीसारखा येईलच, असं सांगत नाही. तोवर गाणं बंद." तेव्हापासून दर पाच मिनिटांनी आवंढा गिळून बघतोय. काय कळतं त्यातून? काही नाही! तरी गिळतोय.

*

मास्तरांचा पहिला उपाय कागदाचा. दोन कॉलम पाडायचे: आपल्या हातात काय आहे आणि काय नाही. दुसऱ्या कॉलमची चिंता सोडून द्यायची. आमच्या पखवाजवाल्या बाबल्याची शिवडीच्या गोदामातली नोकरी नुकतीच गेलेली. त्याने इमानदारीत लिहिलं. पहिल्यात पखवाज. दुसऱ्यात नोकरी, शेठ, बायको.

कागद खिशात राहिला आणि शर्ट धुवायला गेला. वहिनींनी वाचला. शांतपणे म्हणाल्या, "आजपासून जेवण पण दुसऱ्यातच लिहा!"

मीही कागद घेतला होता. दुसऱ्यात 'आवाज' लिहिलं. पहिल्यात काय लिहिणार, डोंबल? पेन खाली ठेवलं.

*

मग मास्तर म्हणाले, सुखाची सवय मोडा. बुधवारी मासे बंद! कोकणी माणसाला, बुधवारी! आम्ही मुकाट वरणभात गिळला. दुपारी बाबल्याने मास्तरांना परळच्या एका खानावळीत पकडलं. समोर सुरमईची थाळी!

"मास्तर, हे काय?"

"मोह जवळून बघत होतो."

"मग ताटात नुसते काटे कसे?"

बाबल्याकडून हे ऐकून मी पोट धरून हसलो. आणि हसता हसता घशाला हात गेला.

*

कालचा गुरुवार. गाणं बंद झाल्यापासूनची पहिलीच तालीम, ऑपरेशनला चार दिवस.

मास्तर म्हणाले, "ज्याची भीती वाटते, ते एकदा आधीच जगून घ्यायचं. मग धक्का बसत नाही. आज बुवांचा आवाज गेलाय असं धरा. पेटीवर मी बसतो."

असा संताप आला! जिवंतपणी तेरावं घालतात की काय माझं? पण शाळेत शिकवलंय त्यांनी मला, बोलणार काय! मागे जाऊन झांज घेऊन बसलो.

बाबल्याने ठेका धरला. मास्तरांनी सूर दिला, तोंड उघडलं... आणि आवाजच फुटेना. डोळे भरले त्यांचे. ठेका चालूच. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला कोरसने ओळ उचलली. माझी ओळ! कोणी गायलीच नव्हती ती. ओळ संपली की थांबायचे, माझ्या गाण्याइतकी जागा रिकामी सोडायचे आणि पुन्हा उचलायचे.

मास्तर डोळे पुसत ओरडले, "अरे, बुवांचा आवाज गेलाय असं धरायचंय ना!"

बाबल्याचा हात थांबला नाही.

"तुमी धरा, मास्तर. आमका नाय जमत."