पाचपैकी पाच

सुलभाताई गेल्याची बातमी आमच्या मूल्यमापनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. वर कुणाला तरी अहवाल पाठवण्याची आठवण, खाली ही एक ओळ, आणि तिच्याखाली कुणीतरी सवयीने दाखवलेला अंगठा. मी तर तेवढंही केलं नाही. काय लिहायचं तेच कळेना... आज पाच आठवडे झाले, तरी फारसं कळलंय असं नाही.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे, भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत ताईंची संस्था. उरणकडच्या गावांतल्या दहा-बारा बायका तिथे सेविका. घरोघरी जाऊन लहान मुलांची वजनं घ्यायची, वाढीच्या तक्त्यावर वजनाचं टिंब काढायचं, आणि टिंबं जोडणारी रेघ खाली वळली की आईला गाठून मुलाला डॉक्टरकडे न्यायचं, हे त्यांचं काम. मी ज्या फाउंडेशनमध्ये आहे त्याची या कामाला मदत होती. सेविकांना तक्ता वाचायला शिकवणं आणि त्या शिकल्या का हे तपासणं, दोन्ही माझ्याकडे. शिकवणारी मीच, परीक्षकही मीच, यात तेव्हा कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. माझी पहिलीच नोकरी होती आणि मी भलत्याच उत्साहात होते.

ताई कामाला कडक, बोलायला खट्याळ. माझा बारा पानी फॉर्म बघून म्हणाल्या होत्या, एवढ्या वेळात आमच्या बायका अख्ख्या गावाची वजनं घेऊन येतील. तरी फॉर्म भरू दिला. शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना गोल बसवलं आणि एकेकीला विचारलं, तक्ता आता किती वाचता येतो, एक ते पाचमध्ये सांगा. झाडून सगळ्यांनी पाच सांगितले. मी हवेत. अहवालात लिहिलं की सेविका आता स्वतंत्रपणे काम करू शकतात, आणखी प्रशिक्षणाची गरज नाही. ते पान ताईंनी बराच वेळ हातात धरलं.

“तुला असं वाटतंय ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी सही केली आणि फाउंडेशनने समाधानाने दुसरा तालुका धरला.

गेल्या आठवड्यात एका नव्या देणगीदाराचा फोन आला. संस्थेला पुढे मदत करायची त्यांची तयारी आहे. सेविकांच्या प्रशिक्षणाचा खर्च धरायचा की नाही, एवढंच अडलं होतं. जुना अहवाल बरोबर आहे, असं मी लिहून दिलं की झालं. म्हटलं, आधी बघून यावं. खोलीत हिराबाई एकट्याच होत्या, सगळ्यांत जुन्या सेविका, आणि समोर तक्त्यांचा हा गठ्ठा. ताई गेल्यापासून साठलेत, म्हणाल्या. दर मंगळवारी सगळे तक्ते ताई बघायच्या आणि कुणाच्या घरी धावायचं ते सांगायच्या. म्हणजे टिंब काढायच्या या बायका, आणि रेघ वाचायच्या ताई. माझ्या अहवालानंतरही, इतकी वर्षं.

मग पाच का सांगितलेत, असं मी विचारलं.

“तुमी एवढं जीव तोडून शिकवलं,” हिराबाई म्हणाल्या. “तोंडावर कमी कसं सांगायचं?”

ते गुण मला होते तर! ताईंना हे ठाऊक असणारच. मग सही का केली? नव्या पोरीची नोकरी जपली? नाही म्हटलं तर सगळीच मदत थांबेल, असं वाटलं? की आपण आहोत तोवर चालतंय, असंच...? कधी त्यांचा राग येतो, कधी नुसतंच भरून येतं. ज्या बाईने मला काम शिकवलं असं मी सगळीकडे सांगते, तिने मला एकदा तरी चूक म्हणायला हवं होतं.

खरं लिहिलं तर ताईंची सही खोटी ठरेल, हे मी हिराबाईंना सांगून टाकलं. त्यांनी गठ्ठ्यातला वरचा तक्ता माझ्यापुढे सरकवला.

“ताईंना आता कोन काय करनार नाय. ह्या पोरीची रेघ वर हाय का खाली, ते सांगा आदी.”

रेघ खाली वळली होती. आम्ही दोघी तशाच जिना उतरलो आणि रिक्षा केली.

अहवाल चुकीचा आहे, असं पत्र मी परत आल्यावर पाठवून दिलं. ताईंच्या सहीबद्दल लिहायला त्यात एक ओळ रिकामी सोडली होती. ती तशीच गेली.