पिल्लाच्या कपाळावरचा डाग

मुकुंदवाडी स्टेशनजवळ सापडलेलं पांढरं मांजराचं पिल्लू कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला मी आणलं, तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "चार दिवसांत वाटेला लाव त्याला."

बघायला आलेलं पहिलं जोडपं त्याच्या कपाळावरचा काळा डाग पाहून "कातडीचा रोग दिसतोय" म्हणत उठलं. ते गेल्यावर डाग गायब! दुसऱ्या पाहुण्यांच्या वेळीही तेच. मला आधी गॅसच्या काजळीचा संशय आला, मग शेजारच्या पोरांचा. तेवढ्यात सासूबाईंचं काळं बोट दिसलं.

"परक्यांची नजर लागती, म्हणून तीट लावली," त्या फणकारल्या. "रोग म्हणणाऱ्यांच्या घरी द्यायचं व्हय लेकरू?"

मला काही हे पटेना. नकोशा मांजराला कुणी तीट लावतं का?

रविवारी तिसरे पाहुणे येणार होते. सकाळपासून सासूबाई देवघरात, कपाटात, उशीखाली काहीतरी धुंडाळत होत्या. शेवटी मलाच म्हणाल्या, "काजळाची डबी कुठं गेली गं?"

मी पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्याच्या कपाळावर रुपयाएवढी तीट आधीच लागली होती.